मार्कलिस्टचा युरोप

कोपर स्थानकाच्या तिकीट खिडकीवर अंधेरीचं तिकीट मागितलं की एकच तिकीट हातात पडतं. दादरपर्यंतचा प्रवास मध्य रेल्वेचा, पुढचा पश्चिम रेल्वेचा. दोन्हींचे महाव्यवस्थापक वेगळे, वेळापत्रकं वेगळी, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. तरी दादरच्या पुलावर कुणी आपल्याला अडवून ‘आता आमच्या हद्दीचे पैसे भरा’ असं म्हणत नाही. भाड्याची वाटणी त्या दोघी आपापसांत करून घेतात, आपल्याला त्याची गंधवार्ताही नसते. युरोपनं १९८०च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसाठी नेमका हाच घाट घातला. तिकिटाच्या जागी तिथे मार्कलिस्ट होती, इतकंच.

युरोपीय एकीकरण म्हटलं की १९५१चा कोळसा-पोलाद समुदाय, १९५७चा रोम करार, १९९२चा मास्ट्रिख्त करार आणि २००२ साली लोकांच्या खिशात आलेल्या युरोच्या नोटा, अशी मोठी सालं आपण पाठ करतो. विद्यार्थ्यांची गोष्ट आलीच तर कोपऱ्यातल्या एखाद्या चौकटीत येते, ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ अशा गुळगुळीत मथळ्याखाली. मला ती चौकट पानभर मोठी करावीशी वाटते. ‘आपण सारे युरोपीय’ ही भाषणं दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ झाली. पण एका देशात पास केलेला पेपर दुसऱ्या देशात पास धरायचा की नाही, या रुक्ष कारकुनी प्रश्नाला हात घातल्यावरच विद्यार्थी सीमा ओलांडू लागले. आणि त्याच प्रश्नाचं उत्तर आज डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यातल्या मुलामुलींच्याही उपयोगी पडतंय.

सुरुवात रोममधल्या एका अपमानापासून होते. सोफिया कोराडी ही कायद्याची विद्यार्थिनी १९५७ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली. डॉ. आंबेडकरांनी १९१५ साली एम.ए. केलं ते हेच कोलंबिया. तुलनात्मक विद्यापीठ-कायद्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन ती परतली आणि तिथे केलेला अभ्यास रोमच्या पदवीसाठी धरावा म्हणून तिनं अर्ज केला. कचेरीतल्या अधिकाऱ्यानं चारचौघांत तिला झिडकारलं. अमेरिकेत जाऊन फिरून यायचं आणि वर इथे सवलत मागायची, असा एकंदर नूर. राहिलेल्या सगळ्या परीक्षा तिला मुकाट्यानं द्याव्या लागल्या.

खिडकीवर अपमान बहुतेकांच्या वाट्याला येतात. बाहेर येऊन आपण चार शिव्या हासडतो, चहा पितो आणि विसरतो. कोराडीबाईंनी तो अपमान फायलीला लावला. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेत त्या सल्लागार झाल्या आणि १९६९ साली त्यांनी एक टिपण लिहिलं: विद्यार्थ्यानं आधीच मंजूर करून घेतलेला अभ्यास परदेशी विद्यापीठात केला, तर परतल्यावर तो आपल्याच विद्यापीठात केल्यासारखा धरावा. ‘आधीच मंजूर’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. परत आल्यावर गयावया करण्यापेक्षा जाण्यापूर्वीच कागदावर सह्या घ्यायच्या. हे टिपण घेऊन बाई पुढची कित्येक वर्षं मंत्री, कुलगुरू आणि प्राध्यापकांचे उंबरे झिजवत राहिल्या. १९७६ साली युरोपीय समुदायानं विद्यापीठा-विद्यापीठांमधल्या संयुक्त अभ्यासक्रमांना छोटी अनुदानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा या कल्पनेला पहिल्यांदा पैसे मिळाले. पुढे याच कल्पनेतून ‘इरॅस्मस’ ही युरोपीय समुदायाची विद्यार्थी-देवाणघेवाण योजना निघाली, म्हणून इटलीत त्यांना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणत. ऑक्टोबर २०२५मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या.

वाटेत कायद्याची अडचण होती. रोम करारात विद्यापीठीय शिक्षणाचा उल्लेखच नाही. शिक्षण हा ज्याच्या त्याच्या राष्ट्रीय अस्मितेचा मामला, त्यात ब्रुसेल्सनं नाक खुपसू नये, असा देशोदेशींच्या सरकारांचा पवित्रा. करारात होतं ते फक्त ‘व्यावसायिक प्रशिक्षण’. या फटीतून वाट काढली ती एका चित्रकथांच्या विद्यार्थिनीनं. ग्राव्हिये नावाची ही फ्रेंच मुलगी बेल्जियममधल्या लिएज शहरात, तिथल्या कला अकादमीत कॉमिक्स काढायला शिकत होती. (फ्रान्समधून बेल्जियमला कॉमिक्स शिकायला जाणं हे टिनटिन वाचलेल्या कुणालाही पटेल.) बेल्जियन विद्यार्थ्यांना न लागणारी एक फी परदेशी म्हणून तिच्याकडून मागितली गेली. तिनं ती भरायला नकार दिला. प्रकरण लिएजच्या कोर्टातून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. १३ फेब्रुवारी १९८५ला निकाल लागला: ठरावीक व्यवसायासाठी तयार करणारं शिक्षण हे व्यावसायिक प्रशिक्षणच, कॉमिक्सची कलाही त्यात आली, आणि सदस्य देशांच्या विद्यार्थ्यांकडून निव्वळ राष्ट्रीयत्वावरून जादा फी घेता येणार नाही. एका मुलीच्या फीच्या पावतीवरून युरोपीय समुदायाला शिक्षणाच्या दारात पाय ठेवायला जागा मिळाली.

त्याच वर्षी, १६ एप्रिल १९८५ला, पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचं एक मोठं संमेलन भरलं. (१६ एप्रिल ही तारीख ठाणेकराला दुसऱ्याच कारणानं पाठ असते: १८५३ साली त्याच दिवशी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. निव्वळ योगायोग, पण आवडला म्हणून नोंदवतो.) संमेलनाचा म्होरक्या फ्रांक बियांकेरी नावाचा पंचविशीच्या आतबाहेरचा विद्यार्थी होता. १७८९च्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर भरलेल्या ‘एता जेनेरो’ या सभेचं नाव त्यानं मुद्दाम उचललं होतं. ती सभा फ्रान्सच्या जनतेची, ही युरोपच्या विद्यार्थ्यांची. यातून उभी राहिलेली संघटना आज ‘एजे’ या नावानं ओळखली जाते.

तिच्या रचनेतली एक गोष्ट आपल्याकडच्या संघटनांशी ताडून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे कुठलीही संघटना म्हटली की शाखा, तालुका, जिल्हा, प्रदेश, राष्ट्रीय अशी उतरंड ठरलेली, आणि प्रत्येक पायरीवर पदाधिकारी. ‘एजे’नं मधली राष्ट्रीय पायरीच काढून टाकली. शहरातली स्थानिक शाखा थेट युरोपीय जाळ्याला जोडलेली. ‘फ्रान्स प्रदेश समिती’ किंवा ‘जर्मनी कार्यकारिणी’ हा प्रकारच नाही. मिलानच्या मुलांना लायडनच्या मुलांशी बोलायचं तर रोम किंवा हेगमधल्या कुणाची परवानगी लागत नव्हती. देशाच्या नावानं बोलणारा कुणी खोलीतच नसला की चर्चेचा सूर बदलतो, हे त्या पोरांनी बरोबर ओळखलं होतं.

इरॅस्मस योजना मात्र तोपर्यंत सरकारांच्या घासाघिशीत अडकली होती. डिसेंबर १९८६मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी निधीला इतकी कात्री लावली की युरोपीय आयोगानं प्रस्तावच मागे घेतला. बियांकेरी आणि त्याच्या साथीदारांनी फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांच्यासोबत जेवणाच्या टेबलावर हा विषय काढला आणि त्यांना राजी केलं, असं ‘एजे’च्या इतिहासात अभिमानानं सांगितलं जातं. एका जेवणानं किती काम झालं आणि पडद्यामागच्या वाटाघाटींनी किती, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. १५ जून १९८७ला योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. वाद तिथेही संपला नाही. योजना कुठल्या कलमाखाली बसते यावरून आयोग आणि मंत्रिपरिषद एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले. १९८९ साली न्यायालयानं ग्राव्हिये निकालाचाच धागा पुढे नेत सांगितलं की विद्यापीठीय शिक्षण बहुतांशी व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्याख्येत बसतं. कॉमिक्सवाल्या मुलीनं उघडलेल्या फटीतून अख्खी विद्यापीठं आत आली.

आता मार्कलिस्टकडे येऊ, कारण खरी करामत तिथे आहे. बोलोन्यातली तोंडी परीक्षा, ऑक्सफर्डचा निबंध आणि म्युनिकचा सेमिनार यांची बरोबरी कशी लावायची? इटलीत तीसपैकी गुण, फ्रान्समध्ये वीसपैकी, जर्मनीत एक हा सर्वांत चांगला आकडा आणि पाच म्हणजे नापास. गुणांची तुलना करायला बसलं असतं तर कमिट्यांवर कमिट्या नेमूनही उत्तर मिळालं नसतं. योजना आखणाऱ्यांनी गुण बाजूला ठेवले आणि कष्ट मोजले. विद्यार्थ्याच्या पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे ६० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात तास, वाचन, प्रयोग, परीक्षेची तयारी सगळं आलं. १९८९ साली याचा प्रयोग सुरू झाला तो पाचच विषयांत: व्यवसाय प्रशासन, रसायनशास्त्र, इतिहास, यांत्रिकी अभियांत्रिकी आणि वैद्यक. निघण्यापूर्वी विद्यार्थी एक करारपत्र भरतो: तिकडे अमुक विषय घेणार, इकडे ते तमुक विषयांच्या जागी धरले जाणार. खाली तीन सह्या. एक विद्यार्थ्याची, एक पाठवणाऱ्या विद्यापीठाची, एक घेणाऱ्या विद्यापीठाची. कोराडीबाईंचं ‘आधीच मंजूर’ ते हेच.

पुढे पदव्यांच्या मान्यतेबाबतच्या १९९७च्या लिस्बन करारानं आणखी एक पाऊल टाकलं, आणि माझ्या मते ते सगळ्यांत धाडसी होतं. परदेशी पदवी नाकारायची असेल तर तिच्यात आणि आपल्या पदवीत मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेनं सिद्ध करायचं. म्हणजे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्याच्या डोक्यावरून खिडकीच्या आतल्या माणसावर गेला. १९९९मध्ये बोलोन्यात २९ देशांनी पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन टप्प्यांची एकसारखी रचना करायचं जाहीर केलं. आज त्या गटात ४९ देश आहेत, म्हणजे युरोपीय संघापेक्षा कितीतरी जास्त.

हे सगळं करून विद्यार्थी ‘युरोपीय’ झाले का? २००२ साली सेद्रिक क्लापिश या दिग्दर्शकाचा एक फ्रेंच चित्रपट आला, ‘लोबेर्ज एस्पान्योल’. बार्सिलोनातल्या एका फ्लॅटमध्ये सात देशांची मुलं, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा वेगळा कप्पा, फोनशेजारी प्रत्येक भाषेत ‘तो घरी नाहीये’ हे कसं सांगायचं याचा तक्ता. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही हे घर अनोळखी वाटणार नाही. चित्रपट इतका गाजला की इरॅस्मस म्हणजे हेच, अशी समजूत झाली. संशोधकांना मात्र इतकं गोड चित्र दिसलं नाही. एमॅन्युएल सिगालास यांनी २०१०मध्ये मांडलं की परदेशी वर्षानंतर विद्यार्थ्यांची युरोपीय ओळख वाढलेली दिसत नाही. मुलं स्थानिकांपेक्षा आपल्यासारख्याच परदेशी मुलांत मिसळतात. थेरेसा कून यांनी २०१२मध्ये वर्मावरच बोट ठेवलं: विद्यापीठात जाणारा वर्ग आधीपासूनच युरोपच्या बाजूचा असतो, त्याला फिरवून आणण्यानं फारसा फरक कसा पडेल? ज्यांना युरोप परका वाटतो ती मुलं शाळा सोडून कामाला लागलेली असतात. क्रिस्टीन मिचेल यांच्या अभ्यासात उलट वाढ दिसली. थोडक्यात, पंडितांत एकमत नाही.

मला कून यांचं म्हणणं जास्त पटतं, पण त्यावरून योजना फसली असं म्हणवत नाही. ओळख मनात किती रुजली हे प्रश्नावलीनं मोजायला गेलं की हाताला फार काही लागत नाही. एकीकरण मुरलंय की नाही हे कळतं ते काढून घेतल्यावर. ९ फेब्रुवारी २०१४ला स्वित्झर्लंडच्या मतदारांनी अगदी निसटत्या बहुमतानं परदेशी लोकांच्या येण्यावर मर्यादा घालण्याचा कौल दिला. त्यामुळे युरोपीय संघाचा नवा सदस्य असलेल्या क्रोएशियाच्या नागरिकांना मुक्त प्रवेश देणारा करार स्विस सरकारला करता येईना, आणि काही आठवड्यांत युरोपीय संघानं स्वित्झर्लंडची इरॅस्मसची वाटाघाट थांबवली. बँका आणि घड्याळं तशीच चालू राहिली, फटका बसला तो विद्यार्थ्यांना. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन २०२१पासून बाहेर पडला आणि त्यानं ‘ट्युरिंग’ नावाची स्वतःची योजना काढली. तिच्यात ब्रिटिश मुलांना बाहेर जायला पैसे होते, बाहेरच्यांना आत यायला नव्हते. हंगेरीनं आपली बरीच विद्यापीठं सरकारच्या मर्जीतल्या न्यासांच्या हाती दिली, तेव्हा डिसेंबर २०२२मध्ये युरोपीय संघानं त्या विद्यापीठांशी नवे इरॅस्मस करार करणं बंद केलं. भांडण ओर्बान सरकारशी, शिक्षा सेगेडसारख्या विद्यापीठातल्या पोरांना. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन दोघांचंही २०२७पासून परत यायचं ठरलं आहे. तीन हजार मुलांनी सुरू झालेली योजना तीस-पस्तीस वर्षांत राजकारणातलं दबावाचं हत्यार झाली, यातच तिचं वजन कळतं.

आता इकडे वळू. मराठी विद्यार्थी युरोपला जात होते ते या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून, आणि त्यांचा संवाद नेहमी गोडीगुलाबीचा नव्हता. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि तिथल्या मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करू लागल्या. हे फिशर पुढे नाझींच्या वंशवादाचे एक आधारस्तंभ झाले. इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा. गोऱ्या वंशाची बुद्धी श्रेष्ठ, ती कवटीच्या घडणीत दिसायला हवी, ही गुरूंची धारणा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा फरक सापडत नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताविरुद्ध आकडे मांडणारी ही विशीतली मुलगी होती. त्याआधी १९२२मध्ये डॉ. आंबेडकरांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. लंडनच्या प्रबंधाच्या धावपळीत ते शिक्षण पुढे गेलं नाही. त्या पिढीचं युरोपला जाणं म्हणजे कर्ज, बोट आणि एखाद्या प्राध्यापकाच्या नावे चिठ्ठी. प्रत्येकानं आपली वाट आपण पाडायची.

पाडलेल्या वाटा जाळ्यात गुंफल्या गेल्या त्या पुण्यात. जर्मनीतलं ब्रेमेन शहर आणि पुणे यांची मैत्री १९७६पासूनची. औंधजवळचा ब्रेमेन चौक रोज हजारो लोक ओलांडतात आणि त्यांतल्या थोड्यांनाच हे नाव कुठून आलं ते ठाऊक असतं. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर पुण्यात राहून धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा यांच्या मागे महाराष्ट्रभर हिंडले. पण या प्रकरणाच्या विषयाला सगळ्यांत जवळचं उदाहरण आहे ‘युरोकल्चर’ या अभ्यासक्रमाचं. १९९८मध्ये सुरू झालेला हा दोन वर्षांचा एम.ए. युरोपचं समाजकारण, राजकारण आणि संस्कृती शिकवतो, म्हणजे युरोपीय एकीकरण हाच त्याचा गाभा. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन, जर्मनीतलं ग्योटिंगन, स्वीडनमधलं उप्साला, पोलंडमधलं क्राकोव्ह, चेकियातलं ओलोमोउत्स, इटलीतलं उदिने, फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग आणि स्पेनमधलं देउस्तो अशी आठ विद्यापीठं तो मिळून चालवत. विद्यार्थ्यानं पहिलं सत्र एका गावात काढायचं, दुसरं दुसऱ्यात. पुढे ही विद्यापीठं युरोपबाहेरचे भागीदार शोधू लागली. जपानमधलं ओसाका, मेक्सिकोचं राष्ट्रीय विद्यापीठ, अमेरिकेतलं इंडियानापोलिस, आणि भारतातून पुणे विद्यापीठ.

म्हणजे युरोप समजून घ्यायला निघालेल्या मुलांना संशोधनाच्या सत्रासाठी गणेशखिंडीत यायची सोय होती. वरवर हे उफराटं वाटतं. युरोपच्या एकीचा अभ्यास करायचा आणि त्यासाठी पुण्यात येऊन बसायचं? पण विचार करा. अनेक भाषा, अनेक लिप्या, भाषावार प्रांत, त्या प्रांतांची सीमाभांडणं आणि तरीही एक चलन, एक न्यायव्यवस्था, एक रेल्वे: युरोपीय संघ ज्या गोष्टीसाठी १९५१पासून धडपडतोय तिची एक वेगळी आवृत्ती इथे रोज चालते, कुरकुरत का होईना. ब्रुसेल्समध्ये बसून हे दिसत नाही. या अभ्यासक्रमात दरवर्षी सगळ्या विद्यापीठांची मुलं एका शहरात जमून काही दिवस एकमेकांचे निबंध फाडून खातात, आणि ‘द युरोकल्चरर’ नावाचं नियतकालिक मुलंच चालवतात. संवाद, संवाद म्हणून ज्याचा घोष होतो तो बहुधा असाच असतो: रात्री जागून वाचलेला दुसऱ्याचा मसुदा आणि सकाळी त्यावरून झालेली वादावादी.

या धर्तीच्या अभ्यासक्रमांना ‘इरॅस्मस मुंडुस’ म्हणतात. २००४ साली ही योजना युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना खुली झाली, सुरुवातीच्या वर्षांत भारतासाठी त्यात खास तरतूद होती, आणि शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या देशांच्या यादीत भारत नेहमी वरच्या जागांवर राहिला आहे. कोपरच्या खाडीकडल्या चाळीत किंवा पूर्वेच्या एखाद्या सोसायटीत राहणाऱ्या मुलीला याचा अर्थ कसा लागतो ते आकड्यांत पाहू. ती नेहमीच्या वाटेनं जर्मनीला निघाली, तर आधी कागदपत्रांच्या तपासणीचं एपीएस प्रमाणपत्र, मग बँकेतल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आगाऊ दाखवायचे. दहा-बारा लाख रुपये, म्हणजे बहुतेक घरांत कर्ज किंवा गावची जमीन. तरीही २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. मुंडुसची शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिना १,४०० युरो, दोन वर्षं. किमान दोन देशांत शिकायचं, आणि शेवटी एकाहून अधिक विद्यापीठांच्या नावाची पदवी.

अर्ज बहुतेक अभ्यासक्रमांचे ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. त्या महिन्यांत या मुलीच्या फायलीत सहाही सत्रांच्या मार्कलिस्ट, ट्रान्स्क्रिप्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि ‘मला हे का शिकायचंय’ यावर दोन पानं, इतका ऐवज असतो. शिफारसपत्रासाठी सर भेटेपर्यंत कॉलेजचे चार हेलपाटे, एखादी केटी लागलेली असली तर तिचं स्पष्टीकरण. तिकडचा परीक्षक गुणांच्या टक्क्यांपेक्षा त्या दोन पानांकडे जास्त लक्ष देतो, आणि आपल्या मुलांचे अर्ज नेमके तिथे मार खातात. शाळेपासून ‘मत मांडा’ या प्रश्नाला गाइडमधलं मत लिहायची सवय; ती दोन रात्रींत सुटत नाही. माझा सल्ला विचाराल तर ती पानं जुलैतच लिहायला घ्यावीत आणि ज्याला आपली भीड नाही अशा माणसाकडून वाचून घ्यावीत.

मधल्या काळात क्रेडिटची कल्पना आपल्याकडेही आली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून जुलै २०२१मध्ये ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम आले, आणि २०२४-२५पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवी श्रेयांक पद्धत सुरू झाली. डोंबिवलीच्या कॉलेजातल्या प्रथम वर्षाच्या मुलालाही आता स्वतःचं श्रेयांक खातं असतं. खातं उघडलं, पण व्यवहार फारसा होत नाही. युरोपात १९८९पासून बासेल, फ्रायबुर्ग, स्ट्रासबुर्ग, म्यूलूझचं ओत-आल्सास विद्यापीठ आणि कार्ल्सरूह अशी तीन देशांतली पाच विद्यापीठं ‘युकोर’ नावानं एकत्र आली आहेत. एकात नाव घातलं की बाकी चारांत वेगळी फी न भरता शिकता येतं. ऱ्हाइनच्या काठच्या या भूभागावर फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ यांच्यातलं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, देश एक, घटना एक, आणि दोन्ही गावांत मराठी-कानडी बोलणारी घरं. तरी कोल्हापूरचा विद्यार्थी एक सत्र बेळगावात काढून श्रेयांक घेऊन परत येतो, हे दृश्य आपल्या सवयीचं नाही. सीमाप्रश्नावर आपण इतकी वर्षं सभा, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या केल्या; दोन विद्यापीठांच्या तीन सह्यांचा प्रयोग करून पाहायला कुणाचीच हरकत नसावी.

परतीच्या वाटेवर मात्र अजून गाठी आहेत. ग्रोनिंगन आणि क्राकोव्हची संयुक्त पदवी घेऊन आलेल्या मुलीला इथे पीएच.डी.ला बसायचं किंवा सरकारी नोकरीचा अर्ज भरायचा, तर ती पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची आहे हे दाखवणारा कागद लागतो. हे काम वर्षानुवर्षं भारतीय विद्यापीठ संघाकडे होतं. एप्रिल २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं त्यासाठी नवे नियम काढले आणि अर्ज ऑनलाइन केले. अर्ज अजूनही विद्यार्थ्यानंच करायचा, फी त्यानंच भरायची, अभ्यासक्रमाची कागदपत्रंही त्यानंच जोडायची.